दर्याचा नारळ

आधीच सांगते, मी असल्या गोष्टी मानत नाही. मानणाऱ्यांची भरपूर टिंगल केलेली आहे. तेव्हा कमेंटमध्ये माझी करायची तर खुशाल करा... पण पूर्ण वाचून करा.

आम्ही उरणचे. गेल्या वर्षी नारळी पौर्णिमेनंतरच्या वीकेंडला मी, नवरा निलेश, पहिलीतली लेक ओवी, निलेशचा पुण्याचा मित्र प्रसाद आणि त्याची बायको असे नागावला कॅम्पिंगला गेलो. होमस्टेच्या वाडीपलीकडे, सुरूच्या बनात तंबू. आभाळ गच्च भरलेलं. होमस्टेच्या काकी म्हणाल्या, "रूम घ्या गो, वारा लय हाय." पण प्रसादला ॲडव्हेंचर हवं होतं ना!

दुपारी हा शहाणा किनाऱ्यावरून एक नारळ घेऊन आला. लाटेबरोबर आलेला, शेंडीला लाल दोरा, कुंकवाचा डाग. कोणीतरी पौर्णिमेला समुद्राला वाहिलेला. मी म्हटलं, टाकून ये. प्रसादला यातलं कळत नाही, ठीक आहे. पण निलेश! याच्या वडिलांची होडी होती, दर नारळी पौर्णिमेला हा स्वतः नारळ सोडतो. मित्रापुढे शायनिंग मारायला त्याने तो दगडावर फोडला. आणि आमच्याकडे फोडलेल्या नारळाचा पहिला तुकडा लहानाच्या हातावर ठेवतात, तसा सवयीने ओवीच्या हातावर ठेवला. मी पोचेपर्यंत तिने खाल्लासुद्धा.

तेवढ्यात पाऊस कोसळला. सगळे तंबूत शिरलो. समुद्राकडचं कापड फडफडत होतं... आणि एकदम थांबलं. वारा चालूच होता, बाकीचा तंबू हलत होता. फक्त तेवढा भाग आत दबला — बाहेरून कोणी अंग टेकवल्यासारखा. "कोण आहे रे?" म्हणत प्रसादने आतून ढकललं. बाहेरून उलट असा जोर आला की तो माझ्या अंगावर पडला.

आणि ओवी ओकायला लागली. खोबरं नाही, पाणी. वाळू मिसळलेलं पाणी, थांबेचना. तिला श्वास घेता येईना. मी तिला उचलून वाडीकडे धावले.

काकींनी सगळं ऐकलं आणि आम्हाला झाडलंच. "दर्याला दिलेला नारळ पोरीला खायाला घातलाव? अक्कल हाय का न्हाय?" वाडीतला एक नारळ त्यांनी निलेशच्या हातात कोंबला. "जा, त्याचा त्याला दे!"

निलेश पळाला. मी ओवीला पालथी धरून तिची पाठ थोपटत होते आणि शिव्या देत होते. निलेशला, प्रसादला, समुद्रालाही. शेवटी ती खोकली आणि जोरात रडली.

निलेश परत आला तो पांढराफटक पडलेला. नारळ हातातच. "घेत न्हाय गो तो. टाकला का परत पायाशी येतो."

अलिबागच्या डॉक्टरांनी विचारलं, "समुद्रात बुडाली होती का?" ती त्या दिवशी पाण्याजवळ गेलीच नव्हती. मी नजरेआड केलीच नव्हती तिला.

ओवी बरी आहे. भरतीचं पाणी नारळ परत आणतं, एवढं मलाही कळतं. पण यंदा पौर्णिमेला उरणला ओहोटी लागलेली होती, सगळ्यांचे नारळ आत जात होते. निलेशने सोडलेला तेवढा फिरला आणि लोकांच्या पायांमधून थेट ओवीच्या पायाशी येऊन थांबला. मी तिला कडेवर घेऊन पळत सुटले.

काय हवंय त्या दर्याला, कोणी सांगू शकेल का?