सातवी खाच

मुलांनो, तुम्ही बोटीवरच्या सुट्टीचा फोटो पाठवलात. त्यात फळीतल्या गोल खाचांमध्ये कप बसवलेले दिसले, आणि इतकी वर्षं टाळलेली गोष्ट तुम्हाला सांगायलाच हवी असं वाटलं.

तुमची आई शाळेत होती तेव्हा आमच्या मुलुंडच्या घरी एक सुतार कामाला यायचा. रंधा मारून झाला की डोळे मिटून लाकडाच्या कडेवरून तळवा फिरवायचा. तेव्हा तो एका शेठच्या खाजगी बोटीचं आतलं लाकूडकामही करत होता.

"वहिनी, काय झकास बोट आहे! सगळे कोपरे गोल, पोरं धडपडली तरी लागायचं नाही. कपाटांना असे खटके, की लाट आली तरी दार उघडत नाही. आणि नोकरांना जिना वेगळा. शेठच्या माणसांना ते दिसायलाच नकोत ना!"

"शी! एकाच बोटीत असं?" मी म्हणाले.

चहा संपवून त्याने मोरीत कप धुतला आणि खिडकीत पालथा ठेवला. त्याची जात कळल्यापासून तो कप मीच त्याच्यासाठी वेगळा काढला होता.

पुढच्या आठवड्यात त्याने आमच्या कपांसाठी बोटीतल्यासारखीच गोल खाचांची फळी बनवून आणली. घरात आम्ही सहा जण. खाचा सात होत्या.

"एक जास्त झाली की."

"मोजूनच केल्यात, वहिनी."

मला कळलं. तरी तो कप मी खिडकीतच राहू दिला. दुसऱ्या दिवशी त्याने त्यातच चहा घेतला, कप धुऊन पालथा घातला, आणि काम संपवून गेला.

फळी अजून स्वयंपाकघरात आहे. सातवी खाच रिकामी आहे.