मेट कोण होणार

नवरा गेल्यावर त्याच्या जागी मी रेल्वेत लागले, रूळ सांभाळणाऱ्या गँगमध्ये. सुरुवातीला गँगमधले पुरुष माझ्या हातातून फावडं काढून घ्यायचे, "राहू द्या बाई, आमी करतो" म्हणायचे, आणि पाठीमागे सांगायचे की बाई फुकटचा पगार घेते. हे कळल्यावर मी फावडं सोडणं बंद केलं आणि गोड बोलणाऱ्यापासून जरा लांब राहायला शिकले.

एकाच माणसाला मी यातून सूट दिली होती. तो नवऱ्याचा शाळेपासूनचा मित्र, आमच्या आंधळगावचाच. माझ्यानंतर परीक्षा देऊन भरती झाला आणि योगायोगाने आमच्याच गँगमध्ये आला. मला वहिनी म्हणायचा. मुलीच्या शाळेचा दाखला असो की घरावरची फुटकी कवेलू बदलणं, मी त्यालाच सांगायची.

गँगच्या प्रमुखाला आमच्याकडे मेट म्हणतात. आमचे जुने मेट निवृत्त झाले तोवर माझ्या आधीचे बाकीचेही बदलून गेले होते, आणि ज्येष्ठतेनं पुढचा नंबर माझा होता. या पट्ट्यात बाई मेट झालेली कुणी पाहिली नव्हती, त्यामुळे चहाच्या टपरीपर्यंत चर्चा गेली. आदेश येईपर्यंत मित्रानं काम पाहावं असं साहेबांनी तोंडीच ठरवलं. मला ते खटकलं, पण तो म्हणाला, "वहिनी, तुमचीच जागा हाये. मी फक्त राखून राहिलो."

तेवढ्यात छोटी लाइन, म्हणजे जुनी नॅरोगेज, बंद झाली आणि तिथली माणसं इकडेतिकडे वाटली गेली. त्यातला एक आमच्या गँगमध्ये आला. बपेरा गावचा, शेतकरी घरातला माणूस, केस पिकलेले, कमी बोलणारा. पहिल्याच सकाळी माझ्यासमोर हात जोडून म्हणाला, "जय भीम, बाई."

मी जय भीम केला, पण डोक्यात भलतंच सुरू झालं. मी कोण, कुठल्या घरची, हे यानं आल्या आल्या विचारून घेतलं? मग आणखी काय काय विचारलं असेल?

त्याची नोकरी माझ्यापेक्षा बरीच जुनी होती. स्वतः अर्ज करून बदली घेतली, तर नव्या ठिकाणी ज्येष्ठतेत सगळ्यांच्या खाली जावं लागतं. प्रशासनानं हलवलं, तर जुनी ज्येष्ठता सोबत येते. या माणसाचा घोळ असा की त्यानं घराजवळ येण्यासाठी आधी अर्जही केला होता, आणि लाइन बंद झाल्यावर प्रशासनाचा आदेशही निघाला होता. अर्जानं आला असेल तर मेट मी. आदेशानं आला असेल तर मेट तो.

मी युनियनच्या ऑफिसात गेले. सचिव माझ्या नवऱ्याला ओळखणारे, माझं काम अनुकंपेवर व्हावं म्हणून धावलेले. यावेळी मात्र ते खिडकीबाहेर बघत बोलले.

"दोघंही आपलेच मेंबर. युनियन कोनाच्या बाजूनं लढन? वरून खुलासा येऊ द्या."

"अन् येईपर्यंत?"

"चालू हाये तसं चालू द्या."

बाहेर आले तर बपेऱ्याचा माणूस पायऱ्यांवर बसलेला. मला पाहून उठला. हा माझ्या आधी येऊन गेला की माझ्यानंतर आत जाणार? आत काही ठरून तर गेलं नाही? त्या दिवसापासून मी सचिवांच्या बोलण्यातही खोट शोधायला लागले.

मित्र मात्र बातम्या आणायचा. "वहिनी, तो साहेबाले भेटून आला. बाईच्या हाताखाली कोनी काम करनार नाई, गँग बिघडन, असं सांगून राहिला." दुसऱ्या वेळी म्हणाला, "तुमच्या जातीवर गेला तो. मी ऐकून घेतलं नाई, पन तुमाले सांगतलंच पायजे." मी बपेऱ्याच्या माणसाच्या कॅनमधलं पाणी घेणं सोडून दिलं. एकदा तो पुढे करत होता, मी तोंड वळवलं.

मग एका दुपारी साहेब अचानक पाहणीला आले. बपेऱ्याचा माणूस जागेवर नव्हता. आईची तब्येत बिघडली म्हणून घरी गेला होता. त्याला नोटीस मिळाली, आणि नोटीस डोक्यावर असेपर्यंत बढती होत नाही. मला आनंद झाला नाही असं म्हणणार नाही. पण दुसऱ्या दिवशी त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की माझा आनंद तिथंच आटला. तेव्हापासून तो जय भीमही करेना. डबा घेऊन एकटाच लांब बसायचा.

मे महिन्यात रूळ तापून वाकण्याची भीती असते, म्हणून दुपारभर गस्त लागते. नेमके आम्ही दोघंच एका तुकड्यावर आलो. तो पुढे, मी मागे. एक गाडी जाऊ द्यायला आम्ही पळसाच्या सावलीत थांबलो. गाडी गेली, धूळ बसली, तरी तो उठला नाही.

"बाई, एक इचारू?"

"इचारा."

"तुमी साहेबाले फोन काहून केला? मायी माय खाटेवर होती."

मला आधी समजलंच नाही. "कोनता फोन?"

"मी घरी गेलो तो तुमीच सांगतला ना. मले समजलं हाये."

"मले तं तुमी गेल्याचं साहेब आल्यावर समजलं. तुमी कोनाले सांगून गेले होते?"

त्यानं रुमालानं मान पुसली. मग म्हणाला, "मेटचं पाहून राहिला त्याले. दुसऱ्या कोनालेच नाई."

"अन् फोन मी केला, हे कोनं सांगतलं?"

उत्तर द्यायची गरज उरली नव्हती. तरी मी विचारलं, बाईच्या हाताखाली काम करणार नाही असं तुम्ही म्हणालात का, माझ्या जातीवर गेलात का. त्यानं कानाला हात लावला.

"साहेबाच्या हापिसाची पायरी मी चढलो नाई अजून. उलट तुमीच म्हनता असं ऐकलं, का बपेऱ्याच्या येड्याच्या हाताखाली मी काम करत नाई."

असं मी कधी म्हटलं नव्हतं. मनातही नाही.

तरीही माझा लगेच विश्वास बसला नाही, हे खरं आहे. पुढची गस्त मी त्याच्या पाठीकडे बघत चालले आणि विचार करत राहिले की हाच खोटं बोलत असेल तर? नवऱ्याच्या मित्राला सोडून परक्याचं का ऐकावं? पण एक प्रश्न काही केल्या डोक्यातून जाईना. आम्ही दोघं भांडत होतो तोवर मेटचं काम कोण पाहत होतं?

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं मिळून युनियनच्या ऑफिसात गेलो. सचिव खुर्चीतून अर्धवट उठलेच. मी सांगितलं, आम्हाला बाजू नको, नियम काय तो आणा आणि लवकर आणा. बपेऱ्याच्या माणसानं नोटिशीचं सांगितलं. सचिवांनी मित्राला बोलावून घेतलं.

"हा तुले सांगून गेला होता का नाई?"

मित्र टेबलाकडे बघत होता. "सांगतलं असन. ध्यानात नाई."

"भाऊजी," मी म्हटलं, "मायाकडे पाहून सांगा."

"हो. सांगतलं होतं." मग घाईनं, "पन साहेबाले फोन मी नाई केला वहिनी. तुमची शपथ."

फोन कुणी केला, ते आजवर कळलेलं नाही. एवढं झालं की नोटीस मागे घेतली गेली आणि सचिव स्वतः विभागीय ऑफिसात जाऊन बसले. निकाल आला: अर्ज मंजूर होण्याआधी आदेश निघाला होता, म्हणून त्याची ज्येष्ठता कायम. मेट तो झाला.

मी हरले होते. घरी येऊन मुलीवर विनाकारण ओरडले, जेवले नाही. पण ज्या नियमानं हरले तो सगळ्यांसमोर वाचून दाखवला गेला होता, आणि कित्येक महिन्यांनी मला शांत झोप लागली. नवा मेट कामात कडक निघाला. माझ्या हातातलं फावडं त्यानं कधी काढून घेतलं नाही.

मित्र अजूनही सणावाराला घरी येतो. मी चहा करते, तो मुलीची चौकशी करतो. घरातली कामं मात्र आता मी स्वतःच करते.

पुढे शेजारच्या गँगमध्ये मेटची जागा निघाली आणि माझं नाव आलं. आदेश हातात पडला तरी मी कुणाला सांगितलं नाही, सचिवांनाही नाही, मुलीलाही नाही. नव्या जागी हजर होऊन सही केली, आणि मगच तिला फोन लावला.