टाकेबाईंचं बटण

नाटक कंपनीत सगळे तिला टाकेबाई म्हणायचे. राजा असो की भालदार, अंगरखा उसवला की पहिली हाक तिला. प्रवेशाला मिनिटभर उरलेलं असताना, तोंडातल्या टाचण्या न सांडता, नटाच्या अंगावरच टाका घालावा तो तिनेच. नवरा त्याच कंपनीचा दिवेवाला. रंगमंचावर पहाट आणावी ती त्याने. पहिल्या रांगेतला माणूससुद्धा उपरणं सावरून बसायचा, आता गार वारा सुटेल म्हणून.

तो गेला त्या दिवशी घरीच होता. शिलाई मशीनवरचा दिवा सकाळपासून लुकलुकत होता. तो अनवाणीच लोखंडी स्टुलावर चढला.

"बटण बंद केलंस?"

"केलं."

दिवा विझलेला होता. बाहेर टेस्टर लावल्याशिवाय तारेला बोट न लावणारा माणूस घरात बायकोच्या शब्दावर विसंबला. होल्डरला हात लागला आणि खेळ आटोपला.

धावत आलेल्या सासऱ्यांनी, शेजाऱ्यांनी दिसतील ती बटणं दाबली. मग प्रश्न सुरू झाले. बंद केलं होतंस ना नक्की? की दिवा आपणहून विझला आणि तुला वाटलं बटणाने? आधी ती ठामपणे "केलं होतं" म्हणायची. पुढे "केलं असेल" म्हणू लागली. थोरल्या नणंदेने सहा वर्षांच्या लेकीला आपल्याकडे नेलं. "जिला साधं बटण सांभाळता येत नाही, ती पोर काय सांभाळणार?" लेक तिकडेच वाढली. वर्षातून दोनदा आईला फोन करायची, तोही उरकल्यासारखा.

सव्वीस वर्षं अशी गेली. कंपनी बंद पडली. बारावी सायन्सचा जुना दाखला ट्रंकेतून काढून टाकेबाईंनी विद्यापीठात पहिल्या वर्षाला नाव घातलं. विषय, भौतिकशास्त्र.

"मावशी, या वयात वीज कशाला?" शेजारच्या बाकावरची मुलगी म्हणाली.

"या वयात झटक्याची भीती नसते, म्हणून."

शिकवणाऱ्या बाई लेकीच्याच वयाच्या. एक दिवस क्वांटमच्या तासाला त्या म्हणाल्या, इलेक्ट्रॉन कुठे आहे हे मोजेपर्यंत तो इथेही आणि तिथेही आहे, असं धरून गणित करावं लागतं. टाकेबाई उभ्या राहिल्या.

"बाई, बटणाचंही असं होऊ शकतं? चालूही आणि बंदही?"

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. "नाही मावशी. बटण फार मोठी वस्तू. ते एक तर चालू असतं, नाहीतर बंद. कुणी बघो न बघो."

टाकेबाई खाली बसल्या. 'केलंही असेल, नसेलही' हा त्यांचा सव्वीस वर्षांचा आडोसा बाईंनी एका वाक्यात काढून घेतला होता.

त्याच आठवड्यात प्रयोगशाळेत बाईंनी मुद्दाम बटण न्यूट्रलच्या, म्हणजे वीज परत नेणाऱ्या तारेवर बसवलं आणि बंद केलं. दिवा विझला. "आता होल्डरला टेस्टर लावा." टाकेबाईंनी लावला. टेस्टरमधला लाल ठिपका पेटला.

"दिवा विझला म्हणजे तार मेली असं नव्हे," बाई म्हणाल्या. "बटण फेजच्या, वीज आणणाऱ्या तारेवर हवं. चुकून न्यूट्रलवर बसलं तर दिवा विझतो, होल्डर मात्र जिवंत राहतो."

घरातल्या तारा नवऱ्याने स्वतःच ओढल्या होत्या, नाटकाच्या प्रयोगांच्या धावपळीत, एका दुपारी. टाकेबाईंनी घरी येऊन मेन स्विच पाडला, टेस्टर लावून पाहिला आणि जुना लाकडी बोर्ड उघडला. तारेचा मेनपर्यंत माग काढला. बटण फेजवरच होतं. अगदी बरोबर. म्हणजे आपणच, असं म्हणून त्यांनी झाकण लावायला घेतलं.

मग शिवणकाम करणाऱ्या बाईची नजर जोडांवर गेली. प्रत्येक जोडावर तो टेप गुंडाळायचा आणि टेप सुटू नये म्हणून तिच्याच रिळातला जाड दोरा बांधायचा. बोर्डातल्या सगळ्या जोडांवर दोरा होता. फक्त बटणाच्या दोन जोडांवर नव्हता. ते दोन जोड त्याच्या हातचे नव्हते.

दुसऱ्या दिवशी त्या नणंदेकडे गेल्या.

"वन्सं, ते गेल्यावर आमचा बोर्ड कुणी उघडला होता?"

नणंद निवडत होती ते धान्याचं ताट तसंच राहिलं.

"बाबांनी. दुसऱ्याच सकाळी. तारा उलट्या होत्या, त्या त्यांनी सरळ केल्या. म्हणाले, पोरगा गेला, निदान त्याच्या हाताचं नाव तरी राहू दे."

"आणि माझं?"

"तू तरुण होतीस गं. सोसशील असं वाटलं."

टाकेबाईंनी आवाज चढवला नाही. "लेकीला तुम्ही सांगा. माझ्या तोंडून ती ऐकणार नाही."

"मला म्हातारीला तेवढी एकच आहे," नणंद म्हणाली आणि पुन्हा धान्य निवडू लागली.

मलाही एकच आहे, हे टाकेबाईंनी मनातच म्हटलं. चपला पायात सरकवून त्या जिना उतरल्या. रस्त्यात रडू आलं ते सुटल्याचं नव्हतं. एवढी पहाट उजळवणाऱ्या माणसाला घरातल्या दोन तारा नीट बघायला फुरसत झाली नाही, याचं होतं. सव्वीस वर्षांत त्या त्याच्यावर एकदाही रागावल्या नव्हत्या. आता रागावल्या, भर रस्त्यात, पुटपुटत, जोडीने चालल्यासारख्या.

लेकीला त्यांनी फोन लावला. "आई, कामात आहे. महत्त्वाचं आहे का?"

"नाही गं. परीक्षा आहे सोमवारी, तेवढंच."

"बरं. नीट लिही."

सोमवारी पेपरात दोन गुणांचा एक प्रश्न आला. दिव्याचं बटण फेजच्या तारेवरच का बसवावं? दोन ओळींत उत्तर द्या.

टाकेबाईंनी आकृती काढली आणि लिहायला लागल्या. पाच पानं झाली. पुरवणी मागून घेतली. घंटा झाली तेव्हा क्वांटमचा अख्खा भाग कोरा राहिला होता, आणि पर्यवेक्षक हातातून पेपर ओढून घेत होते तरी त्या लिहीतच होत्या.