रुख्माबाईचा वाचलेला माग

…तर काल आपण सायकलीपाशी थांबलो होतो. बाबनरावानं ती रुख्माबाईच्या दारात अशी आडवी लावली, की आतलं माणूस बाहेर नाही आणि बाहेरचं आत नाही. वर घंटी. ती ऐकून तांडापेठेतल्या आमच्या गल्लीतले सगळे माग थांबायचे, आणि माग थांबले की त्याचं बोलणं पार शेवटच्या घरापर्यंत जायचं. म्हणून तर वाजवायचा!

काल जे नव्हते त्यांच्यासाठी सांगतो. रुख्माबाई आमची शेजारीण. नवरा महादेवराव गेल्यावर त्याचा माग तिनं स्वतः चालवायला घेतला. बायकांनी सुताच्या कांड्या भराव्या, मागावर पुरुषानं बसावं, ही विणकरांची रीत. हिनं मागाच्या खड्ड्यात पाय सोडले आणि नऊवारी लुगडी विणू लागली.

मुलगी शामला. तिचं भिवापूरला जमलं आणि जावयानं रेडिओ मागितला. एकाहत्तर साल, रेडिओ म्हणजे केवढं प्रस्थ! पोस्टातून लायसन काढावं लागे, छपरावर एरियलची तांब्याची जाळी ताणावी लागे. आमच्या गावी, कुहीला, मास्तरांनी पहिला आणला, तेव्हा त्यातला माणूस खोकला आणि मास्तरांच्या गोऱ्ह्यानं दावंच तोडलं! पण ते राहू द्या. रुख्माबाईनं सीताबर्डीवरच्या एका दुकानात अंगठा देऊन हप्त्यानं रेडिओ घेतला. रेडिओ भिवापूरला वाजू लागला, हप्ते इथं. मग लुगड्यांची मागणी पडली, मजुरी घटली, हप्ते तुंबले. बाबनराव हा त्याच दुकानाचा वसुलीवाला.

"काय वं रुख्माबाई! पोरीले गाणे, अन् आमाले रडगाणे?"

"देईन ना जी. काम कमी भेटून राहिलं सध्या."

"मंग भिवापूरले जाऊन रेडिओ उचलून आणू काय? जावयासमोर?"

तिचा चेहरा उतरला. "तिथं नको जाऊ गा भाऊ. पोरगी परत धाडतीन ते लोकं."

"नाही जात. हा माग नेतो." मागे हातगाडी उभीच होती.

रुख्माबाई आत गेली आणि खड्ड्यात पाय सोडून बसली. मागावर अर्धं लुगडं होतं, हिरवं, तांबड्या काठाचं. माग उपटायचा तर आधी तिला उचलायला हवं, आणि परक्या बाईला हात कोण लावणार? बाबनराव उंबऱ्यात दातओठ खात उभा. "उद्या येतो. चार बाया घिऊन येतो!"

त्याच दुपारी मी आणि समोरचा नत्थूजी तिला मधुकरराव वकिलांकडे घेऊन गेलो. भला माणूस, पैसाही घेतला नाही. म्हणाले, "बाई, देणं आहे ते फेडावंच लागेल. पण दुकानाचा माणूस म्हणजे कोर्टाचा बेलीफ नव्हे. वसुली हवी तर त्यानं दावा लावावा. आणि दावा जिंकला तरी कारागिराचं पोटापाण्याचं अवजार कोर्टालाही जप्त करता येत नाही. माग तुमचाच राहील."

दुसऱ्या दिवशी बाबनराव खरोखर चार बाया घेऊन आला. रुख्माबाई खड्ड्यात बसल्या जागेवरून म्हणाली, "कोर्टाचा कागद दाखव. अन् कागद आणला, तरी मागाले हात नाही लावता येत."

"कोणं शिकवलं वं तुले?"

"कायद्यानं."

बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. एकीनं मजुरीचं विचारलं, तर त्यानं सायकल वळवली. नत्थूजी ओरडला, "ओ बाबनराव, घंटी तं वाजवून जा!" सगळी गल्ली हसली आणि सगळे माग एकदम खडखडू लागले. काय आवाज होता तो!

पण मागावरचं सूत रुख्माबाईचं नव्हतं. सूत एका व्यापाऱ्याचं. तो उधारीवर द्यायचा, लुगडं घ्यायचा, मजुरी मोजायचा. हिरवं लुगडं पुरं करून ती इतवारीत त्याच्या गादीवर गेली. त्यानं मजुरी दिली, पुढचं सूत काही काढेना.

"काहून जी? लुगड्यात खोट हाये काय?"

"लुगडं झकास हाये. पण आयकलं, तुले कायदा समजते आता. उद्या माझं सूत तुया मागावर अडकलं, अन् तू खड्ड्यात बसली, तं मी कोणत्या बाया आणू?"

"तुमचं सूत मी कधी बुडवलं, मालक?"

"नाही बुडवलं. पण आता बुडवता येते ना तुले."

ती आणखी चार गाद्या फिरली. गल्लीनं ती गोष्ट एवढी रंगवली होती, की प्रत्येक गादीवर ती रुख्माबाईच्या आधी पोचलेली. कोणी चहा पाजला, सूत कोणीच दिलं नाही.

मग ती मिरचीच्या गोदामात देठ खुडायला जाऊ लागली. संध्याकाळी हात पेटायचे. ताकात बुडवून ओट्यावर बसायची. त्याच मजुरीतून तिनं सगळे हप्ते फेडले. तोवर भिवापूरचा रेडिओ मुका झाला होता.

एकदा मधुकरराव वकील गोदामाबाहेर भेटले. माग वाचवल्याची गोष्ट ते कोर्टात सगळ्यांना सांगत असत. हसून म्हणाले, "काय रुख्माबाई, माग शाबूत आहे ना? परत कोणी हात तर लावला नाही?"

तिनं लाल झालेले हात पदराखाली घेतले.

"नाही जी वकीलसाहेब. तवापासून मागाले कोनीच हात नाही लावला. मीबी नाही."