ताराचंदाचा सेल्फ

आमच्या अड्याळात एक वावडी उठली होती, की ताराचंद गाडीत एकटा ऐटीत बसतो आणि बायकोला गाडीमागून चालवत नेतो. बसस्टँडवरच्या टपरीवर तर लोकांनी तिला अनवाणीही केलं होतं. मी त्याचा शेजारी, भिंतीला भिंत लागून. खरं काय ते मला विचारा. सुंदरबाई चालत नव्हती, ढकलत होती. आणि पायात चप्पल होती.

ताराचंदानं उभा जन्म राइस मिलचा ट्रक चालवला. शेजारच्या सीटवर कायम क्लीनर, तोही बिडी ओढणारा. काम सुटल्यावर त्यानं भंडाऱ्याच्या एका वकिलाची जुनी अॅम्बॅसेडर घेतली. हौस एकच, आता शेजारी बायको बसावी. पण गाडी चालू करणारा सेल्फ मेलेला. चावी फिरवली की नुसतं ‘टक्’. म्हणून गाडी तलावाच्या पारीवर, म्हणजे उंच बांधावर उभी, उतारावरून सोडली की चालू. गावाबाहेर मात्र सगळी सपाट शेतं, धानाच्या बांध्या. तिथं सुंदरबाई उतरायची, पदर खोचायची, धक्का मारायची. इंजिन धरलं की हा थांबायला भ्यायचा, ती पळत येऊन चढायची.

ऐंशी सालच्या दिवाळीनंतर तिच्या माहेरी, साकोलीकडे, मंडई होती, म्हणजे आमच्याकडची जत्रा. परतताना भरल्या मंडईत, नव्या लुगड्यात तिनं गाडी ढकलली. पोरांनी शिट्ट्या मारल्या. भावजय म्हणाली, "बाईले पाहुणी म्हणून आणलं का बैल म्हणून?"

पुढच्या दिवाळीला सुंदरबाईनं जाहीर केलं, "मी यष्टीनं जातो. तुमची गाडी तुमीच ढकला."

"सेल गेला तिचा, मी काय करू?" ताराचंद म्हणाला. आमच्याकडे सेल्फचा सेलच होतो.

ती आत गेली आणि टॉर्चमधले दोन सेल काढून त्याच्या पुढ्यात आपटले. "अजी, एवढ्याशासाठी मले इतके साल जुंपलं?"

भिंतीपलीकडे हसताना माझ्या तोंडातलं पान पडलं. ताराचंद हसला नाही. दुसऱ्या दिवशी भंडाऱ्याला जाऊन गॅरेजातून दुसरा, दुरुस्त केलेला सेल्फ घेऊन आला.

गाडी उतारावरून अंगणात आणून तिच्याखाली धानाचं तणस पसरून तो आडवा झाला. आधी बॅटरीची तार काढली. खालचा बोल्ट निघाला, पण वरच्यापाशी त्याचं जाडजूड मनगट जाईना. मी भिंतीवर बसून सल्ले देत होतो.

"वहिनीले बलावू का गा?"

"नोको! तिनं आता या गाडीले हात नाही लावाचा."

दारात तांदूळ निवडणाऱ्या सुंदरबाईनं सूप खाली ठेवलं. बांगड्या कोपरापर्यंत सारल्या आणि उघड्या बॉनेटमधून हात घालून वरच्या बोल्टला पाना धरला. "फिरवा."

"तू कायले आली?"

"ढकलाले नाही आली. धराले आली."

जुना सेल्फ धपकन तणसावर पडला. नवा त्यानं खालून छातीवर तोलून धरला, तिनं वरून बोल्ट घातला. दोघांची तोंडं काळी. गाडीच्या पोटातून तो ‘अजून थोडा’ म्हणायचा, ती ‘आता पुरे’ म्हणायची. तार जोडली. ताराचंद आत बसला, चावीला हात लावला आणि उगाच एकदा आरसा पुसला. घाबरला होता बिचारा.

टक्. त्यानं पुन्हा फिरवली. घर्रर्र, आणि इंजिन लागलं!

पाहतो तर सुंदरबाई सवयीनं गाडीमागे, पदर खोचून, डिक्कीला हात लावून उभी. ताराचंदानं वाकून तिच्या बाजूचं दार आतून उघडलं. "ये, बस."

ती बसली. आता मला राहवतं होय! "ताराचंदभाऊ, वहिनीची गरज संपली म्हणा!"

ताराचंद खिडकीतून म्हणाला, "गाडीले सेल्फ बसला गा, मले कुठी बसला? मी अजून हिच्याच धक्क्यानं चालतो."