मासोळीचे कल्ले आणि माझी बोटं

गळ्याच्या गाठीचं ऑपरेशन नागपूरला झालं. गाठ गेली, पण हातांना मुंग्या येऊ लागल्या. कधी बोटं आपोआप एकत्र येत, अंगठा आत वळे आणि हात तसाच अडकून राही. रोवणीत धानाचा पऱ्हा, म्हणजे रोप, चिमटीत धरतो ना, अगदी तसा.

"पऱ्हे नाही, चिखलाची बांधी नाही, तरी रोवून राहिली," मोठी जाऊ म्हणायची.

मी हसायचे. पण अडकलेला हात चिखलात पऱ्हा सोडत नाही. रोवणी जवळ आली होती आणि ओळीत माझी जागा जावेच्या उजव्या हाताला ठरलेली. वर्षभरात मी मोकळेपणी बोलते ती तिथंच. मान खाली असते, कोणी तोंडाकडे पाहत नाही. ती जागा गेली तर?

जावेची मुलगी पवनीच्या कॉलेजात प्राण्यांचं शास्त्र शिकत होती. सुट्टीत आली तेव्हा जाऊ धरणातली रोहू साफ करत होती. पोरीनं लाल कल्ले उचलून माझ्यासमोर धरले.

"काकू, मासोळीले कॅल्शियमची काळजी नाही. पाण्यात असते, कल्ल्यातून घेते. जास्त झालं त थांबवाचा रस तिच्या किडनीजवळच्या गाठीतून येते. मंग जीव जमिनीवर आले, पाणी सुटलं. रक्तातलं कॅल्शियम कमी पडू नये म्हणून गळ्यात बारके दाणे झाले. ते हाडातलं थोडं थोडं सोडवून रक्तात देतात. त्या दाण्यांचं आन् कल्ल्यांचं जुनं नातं हाय म्हणतात. तुझे दाणे ऑपरेशनात दुखावले, म्हणून रक्तात कॅल्शियम कमी पडते आन् हात अडकते."

"म्हणजे हिचे कल्लेच गेले म्हण ना!" जाऊ म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिनं कल्ल्यांचा रस्सा केला. आमच्याकडे कल्ले मांजरीचे. ती दारात बसून माझ्या ताटाकडे रागानं पाहत होती. डॉक्टरांनी दिलेल्या कॅल्शियमच्या गोळ्या जावेनं फडताळात वर ठेवून दिल्या. "गरम पडतात त्या. हे खा, तुझंच हाय."

मला नाही म्हणता येत नाही, हे तिला पक्कं ठाऊक. कंगवा चावावा तसं मी ते चावत राहिले. चौथीत मासोळीचं चित्र रंगवलं होतं, तेव्हा हे कल्ले किती छान दिसले होते.

मग पऱ्हे खणताना एका सकाळी दोन्ही हात अडकले, ओठही बधिर झाले. जाऊ माझी बोटं ओढू लागली. थट्टा करणारं तिचं तोंड एवढंसं झालं होतं.

"आई, गोळ्या कुठं हायेत?" पोरगी ओरडली. "पोटात गेलं का कल्ल्याचा निस्ता रस्सा होते! त्याचे का गळ्यात दाणे उगवतात?"

पवनीला डॉक्टरांनी शिरेतून इंजेक्शन दिलं आणि गोळ्या बंद करायच्या नाहीत म्हणून बजावलं. परतताना गोळ्यांची पिशवी जावेनं आपल्याच मांडीवर धरली होती.

रोवणीला मी तिच्या उजव्या हाताला उभी राहिले. पऱ्ह्यांची पेंढी देण्याआधी ती म्हणाली, "हात उघड."

उघडला.

"गोळी?"

"घेतली वो, बाई."

"आन् संध्याकाळी कल्ले राखून ठेवू का तुयासाठी?"

"मांजरीले द्या!" मी म्हणाले. इतक्या जोरात की सगळी ओळ थांबून माझ्याकडे पाहू लागली. मी मान खाली घातली आणि पऱ्हा चिखलात रोवून सोडला.