बोर्गहिल्डच्या होडीचं इंजिन

आमच्या फ्योर्डच्या खाडीकाठी बोर्गहिल्डसारखी हट्टी बाई दुसरी नाही. नवरा गेला तरी समोरच्या बेटावरच्या मेंढ्या तिनं सोडल्या नाहीत. वल्ही मारून खांदा धरला, तेव्हा कुठं ती म्हणाली, "होडीला चार हॉर्सपॉवरचं छोटं इंजिन लावते."

"चारचं?" तिचा दीर ऑडवार उसळला. "वहिनी, त्यानं पाण्याला गुदगुल्या होतील! पंधराचंच घ्या."

घेतलं! शनिवारी अख्खा गाव कॉफीचे थर्मास घेऊन धक्क्यावर जमला. बोर्गहिल्ड मागच्या फळीवर बसली, तिनं दोरी ओढली, आणि काय सांगू! होडीचं नाक थेट आभाळात, अन् मागून पाणी आत! बाई भिजून, खदखदून हसत परत आली.

"इंजिन जड, मी जड, दोघं एकाच टोकाला! बेट दिसेचना, नुसते ढग."

"मग पुढं दगड ठेवा," ऑडवार पुटपुटला.

"दगड कशाला? तुम्ही आहात की, भावजी!"

ऑडवार पुढं बसला आणि होडी सपाट होऊन बाणासारखी सुटली. आम्ही टाळ्या पिटल्या! मग रोज सकाळी तेच. इंजिन मागं, दीर पुढं, आणि प्रत्येक लाट त्याच्या तोंडावर.

आठवड्यातच ऑडवारनं ते धूड स्वतः उचलून दुकानात नेलं. "हे घ्या, आणि चारचं द्या. एवढ्याशा होडीला तेवढंच झेपतं."

मी बोर्गहिल्डला म्हटलं, "अगं, तू तर हेच म्हणत होतीस!"

"हो ना," ती म्हणाली, "पण धक्क्यावरून त्यांना ऐकू येत नव्हतं."